माजी सैनिकांचे नागरी पुनर्वसन आणि शासकीय कंत्राटांचे क्षेत्र : स्वरूप, अडचणी व दिशा

सारांश

भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक निवृत्त किंवा सेवामुक्त होतात. त्यांपैकी बहुसंख्य सैनिक ३५ ते ४५ या वयोगटातील असतात. या वयात कौटुंबिक जबाबदाऱ्या वाढलेल्या असल्याने त्यांना दुसऱ्या व्यवसायाची आवश्यकता भासते. शासकीय नोकरीतील आरक्षण हा पुनर्वसनाचा परिचित मार्ग आहे. त्या तुलनेत शासकीय कंत्राटे व शासकीय खरेदी या क्षेत्राची माहिती माजी सैनिकांना फारशी नसते. प्रस्तुत लेखात या क्षेत्राचे स्वरूप, माजी सैनिकांसाठी आज उपलब्ध असलेल्या योजना, प्रवेशातील प्रत्यक्ष अडचणी आणि अमेरिकेतील तत्सम धोरणाचा अनुभव यांचे विवेचन केले असून काही उपाययोजना सुचविल्या आहेत.

बीजसंज्ञा : माजी सैनिक, पुनर्वसन, शासकीय खरेदी, निविदा, सुरक्षा सेवा, सूक्ष्म व लघु उद्योग, अग्निवीर.

१. प्रस्तावना

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत सैन्यात जाण्याची परंपरा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' या नावानेच ओळखले जाते. अशा गावांत भरतीची चर्चा मोठ्या उत्साहाने होते. भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादमी गावोगाव दिसतात. परंतु सतरा-अठरा वर्षांची सेवा करून परतलेल्या हवालदाराने पुढे काय करावे, या प्रश्नावर तितक्या गांभीर्याने चर्चा होताना दिसत नाही.

वस्तुतः हा प्रश्न साधा नाही. विसाव्या वर्षी सैन्यात दाखल झालेला शिपाई अडतिसाव्या वर्षी घरी येतो, तेव्हा त्याची मुले माध्यमिक शाळेत शिकत असतात, घराच्या कर्जाचे हप्ते चालू असतात आणि आई-वडील वृद्ध झालेले असतात. निवृत्तिवेतन मिळत असले तरी त्यावर संपूर्ण कुटुंबाचा वाढता खर्च भागत नाही. त्याच वयाचा नागरी सेवेतील कर्मचारी मात्र आणखी वीस वर्षे पूर्ण वेतनावर काम करणार असतो. सैन्यदल तरुण राहावे यासाठी सैनिकाला लवकर निवृत्त करणे ही राष्ट्राची गरज आहे. या गरजेची किंमत सैनिकाच्या कुटुंबाने एकट्याने मोजावी, हे न्याय्य ठरत नाही. पुनर्वसनाचा विचार या भूमिकेतून होणे आवश्यक आहे.

२. माजी सैनिक : संकल्पना व पुनर्वसनाची यंत्रणा

सैन्यात सेवा केलेली प्रत्येक व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने 'माजी सैनिक' ठरतेच असे नाही. केंद्र शासनाच्या १९७९ च्या माजी सैनिक पुनर्नियुक्ती नियमांत आणि त्यांत वेळोवेळी झालेल्या सुधारणांत या संज्ञेची व्याख्या दिलेली आहे. सर्वसाधारणपणे निवृत्तिवेतनासह निवृत्त झालेले, सेवेमुळे उद्भवलेल्या वैद्यकीय कारणास्तव सेवामुक्त झालेले किंवा ठरावीक मुदतीची सेवा पूर्ण करून उपदानासह मुक्त झालेले सैनिक या व्याख्येत येतात. कोणत्याही सवलतीचा लाभ घेताना प्रथम ही व्याख्या तपासली जाते, म्हणून तिचे महत्त्व आहे.

पुनर्वसनाच्या यंत्रणेचे दोन प्रवाह आहेत. केंद्रीय स्तरावर संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत माजी सैनिक कल्याण विभाग असून तो २००४ मध्ये स्वतंत्रपणे स्थापन करण्यात आला. पुनर्वसन महासंचालनालय आणि केंद्रीय सैनिक बोर्ड या त्याच्याशी संलग्न संस्था होत. महासंचालनालय प्रशिक्षण, रोजगार व स्वयंरोजगार या बाबी पाहते. राज्य स्तरावर महाराष्ट्रात पुणे येथे सैनिक कल्याण विभाग असून त्याची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. सामान्य माजी सैनिकाचा प्रत्यक्ष संबंध बहुधा या जिल्हा कार्यालयाशीच येतो.

नोकरीतील आरक्षणाची तरतूद पुढीलप्रमाणे आहे. केंद्र शासनाच्या गट क पदांत १० टक्के व पूर्वीच्या गट ड पदांत २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँकांत हेच प्रमाण अनुक्रमे १४.५ व २४.५ टक्के असून त्यात अपंग माजी सैनिक व वीरगतीप्राप्त सैनिकांचे अवलंबित यांच्यासाठीच्या ४.५ टक्क्यांचा समावेश होतो. महाराष्ट्र शासनाच्या गट क व गट ड पदांतही माजी सैनिकांना समांतर आरक्षण आहे. तथापि आरक्षण असणे आणि जागा भरली जाणे यांत अंतर आहे. लेखी परीक्षेची स्पर्धा, शैक्षणिक अर्हता आणि कनिष्ठ पदांचे वेगाने होणारे बाह्यस्रोतीकरण यांमुळे राखीव जागांचा लाभ मर्यादित राहतो. पूर्वी शिपाई, पहारेकरी, वाहनचालक ही पदे शासन स्वतः भरत असे. आता त्यांपैकी अनेक कामे कंत्राटी पद्धतीने करून घेतली जातात आणि पद कंत्राटात रूपांतरित झाले की त्यावरील आरक्षणही संपते. म्हणूनच कंत्राटाच्या क्षेत्रात माजी सैनिकाचे स्थान काय, हा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा झाला आहे.

३. शासकीय कंत्राटांचे क्षेत्र आणि सैनिकी अनुभव

शासनाला लागणारी वस्तू, सेवा किंवा बांधकाम बाहेरील पुरवठादाराकडून ठरावीक अटींवर घेण्याचा करार म्हणजे शासकीय कंत्राट होय. केंद्र शासनाच्या बाबतीत २०१७ चे सामान्य वित्तीय नियम हा या व्यवहाराचा आधार आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस अर्थात 'जेम' या संकेतस्थळावरून केंद्रीय कार्यालयांची बहुतांश नित्य खरेदी होते. महाराष्ट्र शासनाच्या निविदा ई-निविदा प्रणालीवर प्रसिद्ध होतात.

कंत्राटाचा प्रवास ठरलेला असतो. गरज निश्चित होते, अंदाजपत्रक तयार होते, निविदा प्रसिद्ध होते, तांत्रिक व आर्थिक लिफाफे उघडले जातात, कार्यारंभ आदेश दिला जातो, काम होते, त्याची तपासणी किंवा मोजमाप होते आणि शेवटी देयक अदा होते. या प्रत्येक टप्प्यावर कागदपत्रांची काटेकोर शिस्त लागते. येथे सैनिकी अनुभवाचा संबंध येतो.

सैन्यात शस्त्र चालविणे हे एकच काम नसते. क्वार्टरमास्टरच्या भांडारात काम केलेला हवालदार साठ्याची नोंदवही, मागणीपत्र, तपासणी अहवाल आणि निरुपयोगी साहित्याची विल्हेवाट या बाबी वर्षानुवर्षे हाताळत असतो. आर्मी सर्व्हिस कोअरमधील जवानाला शिधा, इंधन व वाहतूक यांचे नियोजन ठाऊक असते. इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्समधील कारागीर वाहने, जनित्रे व उपकरणे दुरुस्त करतो. सिग्नल्समधील जवानाला दळणवळण यंत्रणेची, तर इंजिनिअर्समधील जवानाला रस्ते, पूल व पाणीपुरवठ्याची माहिती असते. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसच्या कामांवर देखरेख केलेल्या कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्याने ठेकेदाराचे काम शासनाच्या बाजूने पाहिलेले असते.

अडचण अशी की हे कौशल्य नागरी भाषेत व्यक्त होत नाही. सेवापुस्तिकेत हुद्दा, युनिट आणि शिक्षणक्रमांची लष्करी नावे असतात. खासगी कंपनीचा अधिकारी ती वाचतो तेव्हा त्याला केवळ 'माजी सैनिक' एवढेच दिसते आणि माजी सैनिक म्हणजे पहारेकरी हे समीकरण त्याच्या मनात आधीच पक्के असते. 'क्वार्टरमास्टर हवालदार' या शब्दांऐवजी 'दीडशे व्यक्तींच्या भांडाराचा व लेखापरीक्षणाचा अनुभव असलेला भांडारपाल' असे लिहिले तर त्याच माणसाचे मूल्य बदलते. सैन्यातील कामांची सांगड राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीशी घालण्याचे प्रयत्न शासनाने केले आहेत. त्यांचा उपयोग प्रत्यक्ष अर्ज लिहिताना होणे गरजेचे आहे.

हेही लक्षात घ्यावयास हवे की या क्षेत्रातील कारकीर्द म्हणजे स्वतः ठेकेदार होणे एवढाच अर्थ नाही. शासकीय कामे घेणाऱ्या कंपन्यांना निविदा साहाय्यक, साइट पर्यवेक्षक, भांडारपाल, गुणवत्ता निरीक्षक, सुरक्षा अधिकारी, ताफा व्यवस्थापक अशा माणसांची सतत आवश्यकता असते. महाराष्ट्रात माझगाव डॉक, ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि खडकी, देहूरोड, अंबाझरी, भुसावळ, वरणगाव, चंद्रपूर व भंडारा येथील आयुधनिर्माण कारखाने आहेत. यांना माल पुरविणाऱ्या लघुउद्योगांना लष्करी तपासणीची पद्धत जाणणारा कर्मचारी उपयुक्त ठरतो.

४. आज उपलब्ध असलेले मार्ग

अ) सुरक्षा सेवा : पुनर्वसन महासंचालनालयाची सुरक्षा संस्था योजना ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित योजना होय. महासंचालनालय प्रामुख्याने निवृत्त अधिकाऱ्यांच्या संस्था व राज्यांची माजी सैनिक महामंडळे यांची नोंदणी करते आणि सार्वजनिक उपक्रमांच्या मागणीनुसार त्यांची नावे पुरस्कृत करते. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा संस्थेने पुरविलेल्या मनुष्यबळात किमान ९० टक्के माजी सैनिक असणे अपेक्षित आहे. रक्षकांचे वेतन केंद्राच्या किमान वेतनाशी जोडलेले असल्याने महागाई भत्त्यातील बदलानुसार ते सुधारले जाते. खासगी सुरक्षा संस्था विनियमन अधिनियम, २००५ नुसार अनुज्ञप्ती आवश्यक असून रक्षक नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा याच अधिनियमात आहे.

आ) कोळसा वाहतूक : कोल इंडियाच्या खाणींत कोळसा भरणे व वाहून नेणे यासाठी माजी सैनिकांच्या कंपन्या पुरस्कृत करण्याची योजना अनेक वर्षे अस्तित्वात आहे. वीरपत्नी व अपंग सैनिक यांना अशा कंपन्यांत टिपर संलग्न करून उत्पन्न मिळविण्याची तरतूदही करण्यात आली. कोल इंडियाची उपकंपनी वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपूर येथे असल्याने विदर्भाच्या दृष्टीने ही योजना लक्षणीय आहे.

इ) इंधन केंद्रांचे व्यवस्थापन : तेल कंपन्यांच्या मालकीचे पेट्रोल पंप व राजधानी क्षेत्रातील सीएनजी केंद्रे चालविण्याची जबाबदारी माजी सैनिकांकडे सोपविण्याच्या योजनाही महासंचालनालयाने राबविल्या आहेत.

ई) राज्य महामंडळ : महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ अर्थात 'मेस्को' शासकीय कार्यालये व उपक्रमांना सुरक्षारक्षक पुरविते. पंजाबात १९७८ मध्ये, तर उत्तराखंडात २००४ मध्ये अशी महामंडळे स्थापन झाली. वैयक्तिक भांडवल नसलेल्या जवानाला महामंडळाच्या माध्यमातून कंत्राटी क्षेत्रात प्रवेश मिळतो.

उ) सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून प्रवेश : २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेणे बंधनकारक आहे. आरंभी २० टक्के असलेला हा हिस्सा २०१८ च्या सुधारणेने २५ टक्के करण्यात आला. त्यापैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. पात्र उद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते. माजी सैनिकाने 'उद्यम' नोंदणी केल्यास हे लाभ त्यालाही मिळतात. परंतु ते लघुउद्योजक म्हणून मिळतात. या धोरणात माजी सैनिकांसाठी स्वतंत्र उपलक्ष्य नाही. तसेच हे धोरण व्यापारी आणि बांधकाम कंत्राटे यांना लागू होत नाही.

५. प्रवेशातील अडचणी

५.१ पूर्वानुभवाची अट : केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकातील निकष अनेक निविदांत आजही आढळतात. त्यानुसार मागील सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक समान काम पूर्ण केलेले असावे लागते, आणि मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या किमान ३० टक्के असावी लागते. ५० लाखांच्या कामासाठी याचा अर्थ २० लाखांची तीन, २५ लाखांची दोन किंवा ४० लाखांचे एक काम आणि १५ लाखांची वार्षिक उलाढाल असा होतो. मागील सात वर्षे सीमेवर काढलेल्या माणसाकडे असा अनुभव असणे शक्यच नाही. नवउद्योग व लघुउद्योगांना या अटी शिथिल करता येतात, परंतु तो खरेदी अधिकाऱ्याच्या निर्णयाचा भाग असतो. जोखीम टाळण्याकडे कल असलेला अधिकारी मूळ अटच कायम ठेवतो.

५.२ खेळते भांडवल : एखाद्या माजी सैनिकाने ३० रक्षकांचे कंत्राट घेतले आणि प्रत्येकाचे मासिक वेतन २०,००० रुपये आहे असे गृहीत धरू. दरमहा केवळ वेतनापोटी ६ लाख रुपये लागतील. भविष्यनिर्वाह निधी, राज्य कामगार विमा, गणवेश व बदली रक्षक यांचा खर्च वेगळाच. कार्यालयाने देयक दोन महिने थकविले तर १२ लाखांहून अधिक रक्कम ठेकेदाराने स्वतः उभी करावी लागते, कारण देयक मिळाले नाही या सबबीवर कामगारांचे वेतन थांबविता येत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार देयक ४५ दिवसांच्या आत मिळावयास हवे आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. परंतु पुढील वर्षी ज्या कार्यालयाकडून काम मिळावे अशी अपेक्षा असते, त्याच कार्यालयाकडे व्याज मागण्याचे धाडस लहान ठेकेदार क्वचितच करतो. परिणामी निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम, जी मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी राखून ठेवलेली असते, ती एका कंत्राटात अडकून पडण्याची भीती असते.

५.३ नियमपालनाचे ओझे : वस्तू व सेवा कर, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, डिजिटल स्वाक्षरी, कामगारविषयक नोंदी या सर्वांची पूर्तता एकाच वेळी करावी लागते. नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याने जुन्या कायद्यांची माहिती असलेल्यांनाही नव्याने अभ्यास करावा लागत आहे. सैन्यात लेखा, वेतन व विधिविषयक कामे वेगवेगळ्या शाखा पाहतात. नागरी जीवनात लहान ठेकेदाराला ती स्वतःच पाहावी लागतात.

५.४ न्यूनतम दराची स्पर्धा : मनुष्यबळाच्या कंत्राटात वेतन व अंशदान कायद्याने निश्चित असते, त्यामुळे स्पर्धा केवळ सेवाशुल्कावर होते. काही निविदाधारक हे शुल्क जवळपास शून्यावर आणतात. त्याची भरपाई पुढे रक्षकांच्या वेतनातून कपात करून होण्याचा धोका असतो. नियमाने वेतन देणारा माजी सैनिक अशा स्पर्धेत मागे पडतो.

५.५ हुद्द्याची उतरंड : सुरक्षा संस्थेचे मालक प्रामुख्याने निवृत्त अधिकारी असतात आणि जवानाच्या वाट्याला रक्षकाची जागा येते. दोघेही माजी सैनिक असले तरी लाभाचे स्वरूप भिन्न आहे. निवृत्त होणाऱ्यांत जवानांची संख्या प्रचंड मोठी असल्याने कंत्राटी पुनर्वसनाचे यश मोजताना किती संस्था पुरस्कृत झाल्या एवढेच न पाहता किती जवान पर्यवेक्षक, भागीदार वा स्वतंत्र व्यावसायिक झाले, हेही पाहणे आवश्यक आहे.

५.६ नामधारी मालकी : सवलत जिथे असते तिथे तिचा गैरवापर करणाराही पोहोचतो. माजी सैनिकाच्या नावावर संस्था नोंदवून व्यवहार मात्र दुसऱ्यानेच करावयाचा, हा प्रकार कोणत्याही राखीव योजनेत संभवतो. काम बुडाले, कर थकला किंवा कामगारांचे पैसे दिले गेले नाहीत तर कायद्यापुढे उभे राहावे लागते ते सही करणाऱ्या माजी सैनिकालाच. थोड्या मासिक रकमेच्या मोहाने कोऱ्या कागदावर सही करणे किती महाग पडू शकते, हे निवृत्तीपूर्व प्रशिक्षणात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

६. अमेरिकेतील धोरणाचा अनुभव

माजी सैनिकांना शासकीय कंत्राटांत स्थान देण्याचे सर्वांत विस्तृत धोरण अमेरिकेत आढळते. १९९९ च्या कायद्याने सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या लघुउद्योगांना संघीय कंत्राटांच्या एकूण मूल्यापैकी ३ टक्के वाटा मिळावा असे लक्ष्य ठरविण्यात आले. परंतु लक्ष्य ठरविल्याने ते साध्य झाले नाही. २००३ च्या कायद्याने एखादी निविदा केवळ अशा उद्योगांपुरती मर्यादित ठेवण्याचा अधिकार खरेदी अधिकाऱ्यांना मिळाला. तरीही ३ टक्क्यांचे लक्ष्य प्रथम गाठले गेले ते २०१२ या वित्तीय वर्षात. डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने हे लक्ष्य ५ टक्के करण्यात आले.

२००६ च्या कायद्याने माजी सैनिक व्यवहार विभागाच्या खरेदीत माजी सैनिकांच्या उद्योगांना प्राधान्य दिले. किमान दोन पात्र उद्योग वाजवी दराने निविदा भरतील अशी रास्त अपेक्षा असेल तर ती खरेदी त्यांच्यासाठीच राखून ठेवावी, असा हा नियम आहे. वार्षिक लक्ष्य पूर्ण झाल्यावरही तो पाळणे बंधनकारक आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने किंग्डमवेअर खटल्यात २०१६ मध्ये एकमताने दिला.

गैरवापराचा अनुभवही बोलका आहे. त्या देशाच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २००९ मध्ये दहा कंपन्यांची प्रकरणे तपासली असता सुमारे १० कोटी डॉलर्सची राखीव कंत्राटे फसवणूक वा गैरमार्गाने घेतल्याचे आढळले. त्या काळी अनेक कंपन्या स्वतःच स्वतःला पात्र घोषित करीत असत. पुढे पडताळणी कडक होत गेली आणि जानेवारी २०२३ पासून प्रमाणीकरणाचे काम लघुउद्योग प्रशासनाकडे सोपविण्यात आले. मालकी किमान ५१ टक्के असावी आणि दैनंदिन नियंत्रणही प्रत्यक्षात माजी सैनिकाचेच असावे, या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात.

याशिवाय दोन साहाय्यक व्यवस्था उल्लेखनीय आहेत. 'स्किलब्रिज' उपक्रमात सैनिक सेवेच्या शेवटच्या १८० दिवसांत लष्करी वेतन चालू असतानाच नागरी आस्थापनेत काम शिकू शकतो. १९८५ पासून चालत आलेली आणि आता 'एपेक्स अॅक्सेलरेटर' या नावाने ओळखली जाणारी केंद्रे लहान उद्योगांना निविदा शोधणे, वाचणे व भरणे यांत मार्गदर्शन करतात.

अमेरिकेची अर्थव्यवस्था, खरेदीचा आकार व सैन्याची रचना भिन्न असल्याने तेथील धोरण जसेच्या तसे येथे आणता येणार नाही. तथापि लक्ष्य, ते अमलात आणण्याचा अधिकार, पात्रतेची पडताळणी आणि प्रत्यक्ष मार्गदर्शन या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय सवलत परिणामकारक होत नाही, हा बोध भारतालाही उपयुक्त आहे.

७. अग्निवीर : प्रश्नाचे नवे परिमाण

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे या विषयाला नवे परिमाण लाभले आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर कमाल २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातील. उर्वरितांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळेल, मात्र निवृत्तिवेतन व माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नाही. भूदलाच्या पहिल्या तुकडीचा चार वर्षांचा काळ २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी आरक्षण जाहीर झाले असले तरी अनेक तरुण खासगी व कंत्राटी क्षेत्राकडेच वळतील. पंचविशीच्या आतबाहेरच्या या तरुणाकडे शिस्त व तांत्रिक शिक्षण असेल, थोडे भांडवल असेल, परंतु व्यवहाराचा अनुभव नसेल. सेवानिधी एकरकमी हातात येत असल्याने नामधारी मालकी व अविचारी गुंतवणूक यांचा धोका त्याला अधिक आहे. 'माजी सैनिक' या व्याख्येवर आधारलेल्या योजना त्याला लागू होणार नसल्याने त्याच्यासाठी स्वतंत्र विचार करावा लागेल.

८. उपाययोजना

१) निवृत्तीच्या अखेरच्या वर्षात दिल्या जाणाऱ्या पुनर्वसन प्रशिक्षणात शासकीय खरेदीचा स्वतंत्र घटक असावा. खरी निविदा वाचणे, दराचे पृथक्करण करणे, बयाणा व सुरक्षा ठेव समजून घेणे आणि 'जेम'वर नोंदणी करणे हे प्रत्यक्ष करून घ्यावे.

२) सार्वजनिक खरेदी धोरणात माजी सैनिकांच्या उद्योगांसाठी छोटे परंतु स्वतंत्र उपलक्ष्य ठेवण्याचा विचार व्हावा. महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेपर्यंतची बांधकामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते व मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत रूढ आहे. त्या धर्तीवर देखभाल, वाहतूक व भांडार व्यवस्थापनाची छोटी कामे माजी सैनिकांच्या सहकारी संस्थांना देता येतील.

३) पूर्वानुभवाच्या अटीत लष्करी सेवेतील समान कामाचा अनुभव, सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे, काही अंशी ग्राह्य धरावा. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसच्या कामावर दहा वर्षे देखरेख केलेल्या व्यक्तीला 'अनुभव नाही' असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

४) कार्यारंभ आदेशाच्या तारणावर बँकांनी खेळते भांडवल द्यावे, आणि कंत्राटदाराने देयकाच्या वसुलीसाठी इलेक्ट्रॉनिक देयक-वटाव प्रणालीचा उपयोग करावा.

५) पहिली दोन-तीन वर्षे एखाद्या प्रस्थापित कंपनीत पगारी काम किंवा मर्यादित पोटठेका, त्यानंतरच स्वतंत्र निविदा, असा क्रम माजी सैनिकाने ठेवावा. जिथे मूळ करारात पोटठेक्याला मनाई आहे तिथे तो मार्ग टाळावा.

६) वाणिज्य व व्यवस्थापन विभाग असलेल्या महाविद्यालयांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सहकार्याने निविदा मार्गदर्शन केंद्र चालवावे. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कागदपत्रांचा अनुभव मिळेल आणि माजी सैनिकाला विनामूल्य साहाय्य मिळेल. यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. एक संगणक कक्ष व आठवड्यातून एक दिवस पुरेसा आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शासकीय नोकऱ्यांतील कनिष्ठ पदे कमी होऊन त्यांची जागा कंत्राटे घेत असताना माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचे धोरण मात्र अद्याप मुख्यतः नोकरीतील आरक्षणावर आधारलेले आहे. सुरक्षा सेवा, कोळसा वाहतूक व राज्य महामंडळे यांनी कंत्राटी क्षेत्रात एक वाट निर्माण केली असली तरी ती अरुंद आहे आणि बहुसंख्य जवानांना ती प्रवेशद्वारावरील पहाऱ्यापलीकडे नेत नाही. सैन्यातील भांडार, वाहतूक, दुरुस्ती, बांधकाम व दळणवळण यांचा अनुभव शासकीय कंत्राटांच्या कामांशी थेट जुळतो. आवश्यकता आहे ती हा अनुभव नागरी भाषेत मांडण्याची, पात्रतेच्या अटी वास्तवाशी जोडण्याची, देयके वेळेवर मिळण्याची आणि सही करण्यापूर्वी करार समजावून सांगणाऱ्या मार्गदर्शकाची. राष्ट्राने सैनिकाकडून त्याच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे घेतलेली असतात. उरलेली वीस-पंचवीस वर्षे त्याला आपल्या कौशल्याच्या योग्यतेचे काम मिळावे, ही त्याच्यावरील कृपा नसून राष्ट्राच्या कर्तव्याचाच भाग होय.